घरच्या फिश टँकसाठी जुळणारे मासे कसे निवडावेत: कोल्हापुरातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

पहिल्यांदाच गोड्या पाण्याचा फिश टँक लावणाऱ्यांसाठी, आणि वेगवेगळ्या जातींचे मासे एकाच टँकमध्ये गुण्यागोविंदाने राहावेत अशी इच्छा असणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दुकानात उभे राहून रंग पाहून ‘हे दोन, ते चार’ अशी खरेदी केली, की पहिल्या महिन्यातच मासे एकेक करून मरू लागतात आणि दोष मात्र फिल्टरला किंवा खाद्याला दिला जातो. माशांची यादी घरी बसून, कागदावर तयार झाली पाहिजे, आणि तिची सुरुवात माशांच्या नावांपासून नव्हे तर आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यापासून झाली पाहिजे. आपल्या पाण्याला कोणते मासे मानवतील हे आधी ठरवावे आणि त्यांतले कोणते एकमेकांना मानवतील हे मग पाहावे. हा क्रम पाळला तर पुढचे बहुतेक प्रश्न उभेच राहत नाहीत.

लागणारे साहित्य

- पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते), अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट मोजण्याचे किट (थेंबांचे किट पट्ट्यांपेक्षा भरवशाचे)
- पाण्याचा जडपणा, म्हणजे जीएच, मोजण्याचे किट
- थर्मामीटर
- हीटर: दोन फुटी टँकला ५० वॅट, तीन फुटीला १५० वॅट
- टँकच्या आकाराला पुरेसा फिल्टर. लहान टँकला स्पंज फिल्टर उत्तम
- अँटीक्लोरीनचे थेंब
- झाकण
- एक जास्तीचा लहान टँक किंवा पारदर्शक प्लास्टिकचा मोठा डबा, नवे मासे वेगळे ठेवण्यासाठी
- वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा एअर पंप

१. आपले पाणी ओळखा

कोल्हापूर शहरात घरोघरी येणारे पाणी दोन प्रकारचे असते. एक महापालिकेचे, जे मूळचे नदीचे किंवा धरणाचे असते, आणि दुसरे बोअरचे, जे इथल्या काळ्या बेसाल्ट खडकातून झिरपून आलेले असते. सह्याद्रीच्या पावसावर पोसलेल्या नद्यांचे पाणी सहसा मऊ ते मध्यम असते, तर बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असल्याने ते जड असते. बादलीच्या कडेला आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर धरत असेल, तर तुमचे पाणी जड आहे असे समजण्यास हरकत नाही. अनेक अपार्टमेंटमध्ये दोन्ही पाणी छतावरच्या एकाच टाकीत पडते, आणि उन्हाळ्यात बोअरचे प्रमाण वाढते. म्हणून अंदाजावर न राहता जीएच मोजा, आणि शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा असे दोनदा मोजा. साधारणपणे १०० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या) आतले पाणी मऊ आणि १८० च्या वरचे जड धरावे.

आरओ बसवणाऱ्याकडचा टीडीएस मीटर या कामाला पुरेसा नाही. तो पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवतो. त्यांत माशांच्या दृष्टीने महत्त्वाचे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम किती, हे त्यावरून कळत नाही. नुसते आरओचे पाणी टँकमध्ये भरण्याचा मोहही टाळा. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने त्याचा पीएच स्थिर राहत नाही, आणि माशांना अस्थिर पाण्याचा त्रास थोड्याशा ‘चुकीच्या’ पण स्थिर पाण्यापेक्षा कितीतरी जास्त होतो. पीएच वाढवणारी वा कमी करणारी औषधे नवख्याने घेऊच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. उघड्या बादलीत एअर पंप लावून २४ तास ठेवलेल्या पाण्यातून ते उडून जाते, अँटीक्लोरीनच्या थेंबांनी लगेच निष्प्रभ होते. पावसाळ्यात नदीचे पाणी गढूळ असताना नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास अधिक येत असेल, तर थेंब टाळू नका. एक सापळा विशेष ध्यानात ठेवा: सोसायटीची छतावरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली जाते तेव्हा पुढचे काही दिवस टँकचे पाणी अजिबात बदलू नका.

तापमानाचाही विचार इथेच करा. डिसेंबर-जानेवारीत कोल्हापूरची रात्र १५ अंशांच्या आसपास उतरते, एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा ३७-३८ ला टेकतो आणि बंद खोलीतल्या टँकचे पाणी सहज ३० अंशांवर जाते. थंडीसाठी हीटर आहे. उन्हाळ्यात झाकण थोडे सरकवून, वर जाळी लावून, पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडला तर बाष्पीभवनाने दोन-तीन अंश कमी होतात.

२. टँक लिटरमध्ये मोजा

एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर. २×१×१ फुटांच्या टँकमध्ये कागदावर ५६ लिटर मावतात, पण खालची रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता हाती ४५ ते ५० लिटरच उरतात. ३×१.५×१.५ फुटांचा टँक कागदावर १९१ लिटरचा आणि प्रत्यक्षात १५० ते १६० लिटरचा असतो. जागा आणि बजेट परवडत असेल तर तीन फुटी घ्या: जास्त पाण्यात घाण सावकाश साचते, तापमान सावकाश बदलते, आणि भांडखोर माशापासून दूर जायला दुसऱ्या माशाला वाट मिळते. काचेची गोल बरणी कोणत्याही माशासाठी घेऊ नका.

‘एका लिटरला एक सेंटिमीटर मासा’ हा हिशेब तुम्हाला कोणीतरी सांगेलच. सडपातळ, लहान माशांपुरता तो ठीक आहे, पण १५ सेंटिमीटरचा गोल्डफिश हा ३ सेंटिमीटरच्या पाच निऑन टेट्रांइतकीच (निऑन हा थव्याने राहणारा लहान मासा) घाण करतो असे त्यातून निघते आणि ते खरे नाही, कारण लांबी वाढते तसे शरीराचे वजन कितीतरी पटींनी वाढते.

३. माशांआधी टँक तयार होऊ द्या

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. तो विषारी असतो, आणि पाण्याचा पीएच व तापमान जितके जास्त तितके त्याचे विष तीव्र. फिल्टरच्या स्पंजमध्ये वाढणारे जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात रिकाम्या टँकमध्ये फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाका, आणि किटवर अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट मात्र दिसू लागले की टँक तयार झाला असे समजा. ओळखीत कोणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज मागून आणा. हा काळ बराच कमी होतो.

फिल्टर २४ तास चालू राहिला पाहिजे, आणि स्पंज धुताना नळाखाली न धरता टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळला पाहिजे. क्लोरीन या जिवाणूंनाही मारते.

४. पूर्ण वाढ किती, हे आधी विचारा

दुकानातला जवळजवळ प्रत्येक मासा पिल्लू असतो. सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

‘काच साफ करतो’ म्हणून दिला जाणारा सकर दोन इंचांचा असतो, पण तो एक ते दीड फुटांपर्यंत वाढतो. तो इतर माशांची विष्ठा खात नाही, उलट स्वतःच भरपूर घाण करतो. शेवाळ खाणारा मासा हवाच असेल तर तीन फुटी टँकमध्ये ब्रिसलनोज ठेवता येतो. तो साधारण १२ सेंटिमीटरवर थांबतो. ‘शार्क’ या नावाने मिळणारे करडे, चपळ पिल्लू हे बहुतेकदा पंगस असते. मोठ्या नद्यांत एक मीटरहून अधिक वाढणारा हा मासा घाबरट असतो आणि लहान टँकमध्ये काचेवर आपटून स्वतःला जखमी करून घेतो. लाल पोटाचा ‘पिरान्हा’ म्हणून दाखवला जाणारा मासा सहसा रूपचंद असतो, जो खाण्यासाठी तळ्यांत पाळला जातो आणि किलोंत मोजला जातो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न आणि अरोवाना हे सगळे सामायिक टँकच्या बाहेरचे मासे आहेत. ते वाईट नाहीत, पण त्यांना स्वतंत्र आणि मोठे घर लागते.

गोल्डफिशबद्दल वेगळे सांगायला हवे. वास्तू किंवा फेंगशुईच्या सल्ल्यावरून आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. श्रद्धेचा मान राखूनही हे सांगणे भाग आहे, की दोन फुटी टँकमध्ये नऊ गोल्डफिश जगू शकत नाहीत. गोल्डफिशला थंड पाणी आवडते, तो खूप घाण करतो, आणि गप्पी किंवा निऑनसारखे लहान मासे त्याच्या तोंडात मावू लागले की तो ते खातो. शिवाय फुगीर डोळ्यांच्या काळ्या गोल्डफिशला नीट दिसत नाही, त्यामुळे चपळ सोबत्यांमध्ये तो उपाशी राहतो. गोल्डफिश पाळायचेच तर फक्त गोल्डफिशच, थोडे आणि मोठ्या टँकमध्ये पाळा.

५. जोड्या तपासण्याच्या कसोट्या

आता कागदावर प्रत्येक माशापुढे त्याची पूर्ण वाढ, तापमान, पाण्याचा प्रकार, स्वभाव, किमान संख्या आणि टँकमधला वावराचा थर लिहा. मग प्रत्येक नाव इतर प्रत्येक नावाशी ताडून पाहा.

पहिली कसोटी तोंडाची आहे. जो मासा दुसऱ्याच्या तोंडात मावतो, तो आज ना उद्या खाल्ला जातो. एंजल हे याचे नेहमीचे उदाहरण आहे: लहानपणी तो निऑनच्या शेजारी शांतपणे पोहतो आणि काही महिन्यांनी एकेक निऑन नाहीसा होऊ लागतो. यात एंजलचा दोष नाही, अमेझॉनच्या खोऱ्यात निऑनसारखे लहान मासे हेच त्याचे खाद्य आहे.

दुसरी कसोटी शेपटीची. टायगर बार्ब देखणा आहे, पण लांब आणि संथ हलणारे पर (माशाचे कल्लेवजा पंख आणि शेपटी) दिसले की तो ते कुरतडतो. त्याला आठ-दहांच्या थव्यात ठेवले तर ही खोड बरीचशी आपापसांत जिरते, तरीही गप्पी, एंजल, फायटर यांच्यासोबत तो नकोच. फायटर नराला रंगीत, लांब शेपटीचा गप्पी नर हा प्रतिस्पर्धी वाटतो, आणि गुरामी ही त्याच्याच कुळातली असल्याने त्या दोघांतही जुंपते. एका टँकमध्ये फायटरचे दोन नर कधीही ठेवू नयेत.

तिसरी कसोटी संख्येची आहे आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. निऑन, झेब्रा, विडो टेट्रा, रोझी बार्ब, कॉरी हे थव्याने राहणारे मासे आहेत. ‘प्रत्येकी दोन’ आणले तर ते भेदरून कोपऱ्यात बसतात किंवा चिडखोर होतात. किमान सहा, शक्यतो आठ घ्या. जाती कमी आणि संख्या जास्त हे सूत्र टँकच्या शोभेच्या दृष्टीनेही योग्य ठरते: पाच जातींचे दहा मासे विस्कळीत दिसतात, एकाच जातीचे दहा एकत्र वळतात तेव्हा नजर ठरत नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल यांच्या बाबतीत नर-मादी प्रमाणही पाहावे. एका नरामागे दोन-तीन माद्या नसतील तर नर एकाच मादीचा सतत पाठलाग करून तिला दमवतात.

थरांची कसोटी सोपी आहे. झेब्रा वरच्या थरात, टेट्रा आणि बार्ब मधल्या, कॉरी तळाशी. तिन्ही थर वाटून दिले की गर्दी कमी भासते. कॉरीसाठी तळाला टोकदार खडी न घालता बारीक रेती घाला, कारण ते मिशांनी रेती उकरून खातात. त्यांना बुडणारे खाद्य वेगळे द्यावे लागते. वरच्यांचे उरलेले त्यांना पुरेल हा समज चुकीचा आहे.

राहिली पाण्याची कसोटी. गप्पी, प्लॅटी आणि विशेषतः मॉली यांना जड पाणी मानवते, निऑन आणि बहुतेक टेट्रांना मऊ. मॉलीसाठी मीठ घालण्याचा सल्ला मिळतो, तेच मीठ कॉरी आणि टेट्रांना सोसत नाही. म्हणून मॉली आणि कॉरी एकत्र न ठेवणे बरे.

६. कोल्हापूरच्या पाण्यासाठी काही आराखडे

*बोअरचे जड पाणी, दोन फुटी टँक:* गप्पीचे सहा नर, आणि प्लॅटीचा एक नर व तीन माद्या. नवख्यासाठी मी पहिली पसंती यालाच देईन. उन्हाळा हे मासे चांगला काढतात. गप्पीचे फक्त नर घेतल्याने पिल्लांची संख्या आवाक्यात राहते. प्लॅटीची पिल्ले होतीलच, त्यांतली काही मोठे मासे खातात. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभागाकडून मिळणारे गप्पी मासेही इथे चालतात, मात्र त्या नावाखाली गॅम्बुशिया आलेला नाही याची खात्री करा. तो दिसायला गप्पीच्या मादीसारखाच करडा असतो आणि सोबत्यांचे पर फाडतो.

*नळाचे मऊ ते मध्यम पाणी, दोन फुटी टँक:* आठ निऑन, सहा ब्राँझ कॉरी आणि एक हनी गुरामी. इतक्या पाण्यात ही भरतीची कमाल मर्यादा आहे, तेव्हा दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलणे इथे चुकवता येणार नाही. निऑनला २६ अंशांपर्यंतचे पाणी मानवते, त्यामुळे ज्यांची खोली उन्हाळ्यात फार तापते त्यांनी निऑन वगळावा आणि त्याऐवजी चेरी बार्ब घ्यावेत. गुरामी पृष्ठभागावर येऊन हवा घेते, म्हणून झाकण आणि पाणी यांत दोन इंच मोकळे सोडा.

*तीन फुटी टँक, नळाचे पाणी:* दहा रोझी बार्ब, दहा झेब्रा आणि सहा कॉरी. रोझी बार्ब आणि झेब्रा हे आपल्याच उपखंडातल्या ओढ्या-नद्यांचे मासे आहेत आणि कोल्हापूरची थंडी ते सहज सोसतात. हीटर २० अंशांवर ठेवला तरी पुरतो. हा टँक सतत हालता असतो. त्यात लांब पराचा कोणताही मासा घालू नका.

एंजल हवेच असतील तर टँकची उंची किमान दीड फूट घ्या, सोबत कॉरी ठेवा, आणि दोघांची जोडी जमली की ती अंड्यांच्या राखणीसाठी अर्धा टँक बळकावते हे गृहीत धरा. ‘मिस केरळ’ म्हणून ओळखला जाणारा डेनिसन बार्ब चार फुटांपेक्षा लहान टँकमध्ये घेऊ नये. केरळ-कर्नाटकातल्या नद्यांमधला हा मासा संकटग्रस्त आहे, त्यामुळे तो पैदास केंद्रातला असल्याचे विचारूनच घ्या.

७. दुकानात काय पाहावे

यादी हातात ठेवा आणि यादीबाहेरचा मासा त्या दिवशी घेऊ नका. ज्या टँकमधून मासा काढणार, त्यात एकही मेलेला किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असलेला मासा दिसला, तर त्या टँकमधले काहीच घेऊ नका. दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगा. जो झडप घालतो तो निरोगी. पर मिटून घेतलेला, पोट खपाटीला गेलेला, एकटा पडलेला मासा दयेपोटी आणू नका. दुकानात कोणते पाणी वापरतात हेही विचारा. दुकान बोअरच्या पाण्याचे आणि घर नळाच्या पाण्याचे असेल, तर माशाला नव्या पाण्याची सवय करायला जास्त वेळ द्यावा लागतो.

८. घरी आणल्यावर

पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा, मग पुढचा अर्धा-पाऊण तास दर काही मिनिटांनी वाटीभर पाणी पिशवीत घाला, आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतले पाणी टँकमध्ये ओतू नका. नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवणे कंटाळवाणे वाटते, पण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टँकमध्ये शिरला की एकही मासा त्यापासून सुरक्षित राहत नाही.

सगळे मासे एकाच दिवशी आणू नका. आधी थव्याने राहणारे शांत मासे, मग तळाचे, आणि हद्द राखणारे (गुरामी, एंजल) सर्वांत शेवटी. दोन टप्प्यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवा, आणि प्रत्येक टप्प्यानंतर अमोनिया मोजा. हद्द राखणारा मासा आधी आला तर तो अख्खा टँक आपला मानतो आणि नंतर येणाऱ्यांना हुसकावतो.

९. भांडण की पाणी, हे ओळखा

सगळेच मासे एकाच वेळी पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर दोष पाण्यात आहे: लगेच अमोनिया व नायट्राइट मोजा आणि तिसरा हिस्सा पाणी बदला. एकच मासा कोपऱ्यात दबून बसत असेल, त्याची शेपटी फाटलेली असेल, रंग उतरलेला असेल, तर त्याला कोणीतरी छळत आहे. दिवा बंद करून थोडे अंतर राखून अर्धा तास पाहिलेत, की छळणारा सापडतो. पिचलेल्या माशाऐवजी छळणाऱ्याला काही दिवस वेगळे ठेवा आणि दगड, लाकूड, झाडे यांची जागा बदलून मगच परत सोडा. जुन्या हद्दी मोडल्या की अनेकदा भांडण थांबते. न थांबल्यास तो मासा तुमच्या टँकचा नाही, हे मान्य करावे.

नकोसा झालेला किंवा फार वाढलेला मासा रंकाळ्यात, कळंब्यात किंवा पंचगंगेत सोडणे हे पुण्य नाही. सकरसारखे परके मासे देशातल्या अनेक जलाशयांत याच वाटेने शिरले आहेत आणि स्थानिक माशांच्या वाट्याचे खाद्य आणि जागा खात आहेत. उलट दिशेने, ओढ्यातले देखणे मासे पकडून टँकमध्ये आणणेही टाळा. पश्चिम घाटातल्या नद्यांमधली पट्टेदार बोटिया स्ट्रायाटा संकटग्रस्त आहे. आपल्या शेजारच्या आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाशी सापडलेल्या शिष्टुरा हिरण्यकेशी या माशासाठी तर राज्य सरकारने २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. जास्तीचा मासा ज्या दुकानातून घेतला तिथेच परत देता येतो का, हे खरेदीच्या दिवशीच विचारून ठेवा. पैसे परत मिळाले नाहीत तरी बरेच दुकानदार निरोगी मासा ठेवून घेतात. नाहीतर मोठा टँक असलेल्या माणसाला तो द्या, आणि देताना त्याचे वय, खाद्य आणि तुमच्या पाण्याचा जीएच एका चिठ्ठीवर लिहून द्या.